मोमिनाबादच्या छावणीतला कडू पेला

आधी पाय भाजतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पायात जे काही असेल ते इथेच काढा, कारण आपण निघालोय तिथे तुम्हाला वहाणा नाहीत. तुमचं वय बारा-तेरा. धोतर गुडघ्यावर खोचलेलं, अंगात कुणाचा तरी उतरलेला सदरा, डोक्याला ओलं फडकं. वैशाखाची दुपार आहे. साल 1890च्या पुढचं कुठलं तरी. ते इथे कुणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की पाणी आलं का?

ही अंबाजोगाई. जयंती नदीच्या एका अंगाला जुनं गाव, योगेश्वरीचं देऊळ, अरुंद बोळ. दुसऱ्या अंगाला मोमिनाबाद, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी. फौज निजामाच्या पैशावर पोसलेली आणि अधिकारी इंग्रज. नदीत पाणी म्हणाल तर इथेतिथे डबकी, बाकी सगळी तापलेली वाळू. ती ओलांडताना उड्या मारा, थांबू नका. तुमच्या पुढे चाललेला पखालवाला भिस्तीसुद्धा पावलं भरभर टाकतोय. त्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीतून गळणारे थेंब जमिनीवर पडल्या पडल्या दिसेनासे होताहेत. त्या थेंबांवर पाय ठेवत चला. छावणीतल्या पोरांची ही जुनी युक्ती आहे.

आता वास येऊ लागेल. घोड्यांचा घाम, लीद, तेल चोळलेलं कातडं, भिजवलेले हरभरे. लांबच लांब रांगेत खुंट्यांना बांधलेली जनावरं शेपट्या हलवताहेत आणि माश्यांचा आवाज कानात घुमतोय. घोडी सरकारची नाहीत. इथे शिलेदारी चालते, म्हणजे स्वार आपलं घोडं आपणच आणतो आणि त्याचा खर्चही आपणच पाहतो. त्यामुळे घोड्याला खरचटलं तरी स्वाराचा जीव कासावीस होतो. एक दख्खनी मुसलमान स्वार आपल्या घोडीच्या पायाला ओली माती लावत तिच्याशी बोलतोय, पलीकडे एक शीख स्वार केस वाळवत बसलाय. तुमचे वडील या घोड्यांसाठी गवत कापून आणतात. आज ते पहाटेच माळावर गेले. जवळचं गवत केव्हाच संपलंय.

तुम्ही मात्र गवताच्या भाऱ्याखालून सुटलात. तुम्हाला साहेबांच्या मेसमध्ये काम लागलंय, आबदाराच्या, म्हणजे पाणी सांभाळणाऱ्याच्या हाताखाली.

आबदारखाना म्हणजे मेसच्या मागची उत्तरेकडची खोली. जाड भिंती, एकच खिडकी, तिला वाळ्याचा पडदा. आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि नाकात ओल्या वाळ्याचा गार, मातकट वास शिरतो. बाहेरच्या भट्टीतून आल्यावर या वासानंच अर्धी तहान भागते. कोपऱ्यात सुरया, हंडे, लाकडी पेट्या. मधोमध पांढरी दाढी, स्वच्छ अंगरखा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, असे आबदारचाचा बसलेत. ते स्वतः दारूला शिवत नाहीत. बाटली हाताळतात, माप घालतात, वासावरून चूक ओळखतात. पण थेंब ओठाला लागलेला नाही. त्यांचा मान आहे तो पाण्यामुळे. साहेब कुठलाही असो, या मुलखात त्याचं पोट आणि त्याचा जीव आबदाराच्या पाण्यावर अवलंबून असतो.

"हात धोया क्या रे?"

धुतलेत म्हणा. आणि खरंच धुवा, ते वास घेऊन पाहतात.

भिस्ती पखालीचं तोंड सोडतो. पाणी हंड्यात पडताना गढूळ दिसतं, कारण बारवेचा तळ लागत आलाय. चाचा तुमच्या हातात निवळीचं बी देतात. ते हंड्याच्या आतल्या अंगाला गोल गोल घासायचं. कंटाळू नका. तासाभरात गाळ तळाशी बसेल, वरचं पाणी नितळ होईल, मग ते फडक्यातून गाळून उकळायचं आणि सुरईत भरून वाळ्याच्या पडद्याआड ठेवायचं. संध्याकाळी मेसमध्ये जो पेला तयार व्हायचाय, त्याची सुरुवात ही अशी भर दुपारी एका बियापासून होते.

आज साहेबलोकांकडे पाहुणा आहे. मुंबईहून आलेला, आणि त्याला नुसती व्हिस्की-सोडा नकोय. त्याला कॉकटेल हवंय. तुम्ही हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकताय. चाचांनी मात्र ऐकलाय आणि बनवलायही. बोटं मोडून ते चार वस्तू सांगतात: दारू, साखर, पाणी आणि कडू. अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रानं 1806 साली कॉकटेल म्हणजे काय ते सांगताना याच चार वस्तू छापल्या होत्या. 1862 साली जेरी थॉमस नावाच्या तिथल्या दारूकाम्यानं पुस्तक काढलं, त्यात व्हिस्की कॉकटेल आहे आणि त्याला वर लिंबाच्या सालीची जोड आहे. चाचांना वर्तमानपत्र ठाऊक नाही, पुस्तक ठाऊक नाही. हातानं हाताला शिकवत ते चार शब्द समुद्र ओलांडून बालाघाटाच्या डोंगरावर येऊन बसलेत.

"जा, बाजार कर के आ. खडीसाखर, लिंबू, और सोरा. सोरा देख के लाना, गीला नक्को."

हातावर पडलेली नाणी निजामाच्या हाली सिक्क्याची आहेत. मेसचे हिशेब कलदारात, म्हणजे इंग्रजी रुपयांत चालतात, बाजारात हाली चालते आणि हाली कलदारापेक्षा हलकी. वाण्यानं भाव सांगितला की कुठल्या सिक्क्यात ते आधी विचारा, नाहीतर फसाल.

सदर बाजारात ऊन डोक्यावर आहे तरी माणसांची गर्दी आहे. हलवायाच्या कढईतलं तूप, तंबाखू, नव्या मडक्यांचा भाजका वास. कुणीतरी ओरडतंय, कुणाचा बैल बसलाय. गोटीसोड्याच्या दुकानासमोर पोरांचं कडं आहे. दुकानदार बाटलीच्या तोंडातली काचेची गोटी अंगठ्यानं दाबतो, फट् असा आवाज होतो आणि फेस त्याच्या मनगटावरून ओघळतो. थांबून बघा एकदा, मी रागावणार नाही.

मग अत्ताराचं दुकान. हे मात्र नीट बघा, कारण आजची सगळी गोष्ट इथे एका फळीवर मांडलेली आहे. ज्येष्ठमध, सुंठ, पिंपळी, बाळहिरडे, वावडिंग, गुळवेलीचे तुकडे. छताला टांगलेल्या काटक्यांच्या जुड्या म्हणजे काडेचिराईत, थेट हिमालयाच्या पायथ्याकडून हातोहात इथवर आलेलं. अत्तार लिंबं देत नाही, ती माळणीकडे. खडीसाखर वाण्याकडे. सोरा मात्र याच्याकडे आहे, पांढरे सुईसारखे खडे. चिमूटभर जिभेवर ठेवा. खारट लागेल आणि क्षणभर जीभ गार पडेल. मग थुंका.

तेवढ्यात तुमची आई दिसते. ती इथे तुमच्या धाकट्या भावासाठी आलीय, त्याला तीन दिवसांआड हिव भरतंय. पदराच्या गाठीतून पैसा सोडून ती चिराइताच्या चार काड्या घेते. तुम्ही तिच्याबरोबर घराकडे वळा. चाचांना थोडा उशीर चालेल.

झोपड्यांत धूर आहे. भाऊ घोंगडीखाली थरथरतोय, एवढ्या उन्हात घोंगडी. आई काड्या ठेचून उकळत घालते, पाणी अर्ध्यावर आटवते, गुळाचा खडा टाकते. पोराचं डोकं मांडीवर घेऊन म्हणते, "लेकरा, नाक धर अन् गिळ." तो अर्धा पितो, अर्धा उलटतो. उरलेलं तुमच्यापुढे येतं. "वाया नाय जाऊ द्यायचं. तूबी उन्हातून आलाइस."

प्या. जिभेच्या टोकाला आधी गूळ कळतो आणि तुम्हाला वाटतं, एवढंच? मग मागून कडवटपणा येतो, घशाच्या मुळाशी बसतो आणि काही केल्या उठत नाही. तोंडाला पाणी सुटतं. आणि थोड्या वेळानं, सकाळपासून काही खावंसं वाटत नव्हतं ते तुम्ही भाकरीच्या टोपल्याकडे बघू लागता. ही जादू नाही. कडू जिभेवर पडलं की तोंडात लाळ सुटते आणि पोटाला जाग येते, हे तुमच्या आईलाही माहीत आहे आणि तुमच्या आजीलाही होतं. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गूळ, चिंच, ओवा, हिंग घालून वाटतात आणि वर्षाचा पहिला घास तोच घेतात. गोडाच्या हातात हात देऊन कडू पोटात उतरवायचं, ही रीत या घरात छावणीच्या आधीपासून आहे.

भाकरीचा तुकडा तोंडात टाका आणि पळा. सावल्या लांबायला लागल्यात.

आता कष्टाचं काम. चाचांनी परातीसारखं पसरट भांडं मांडलंय. त्यात पाच शेर पाणी, त्यावर अडीच शेर सोरा. आतमध्ये कथलाची सुरई, तिच्यात शेरभर गाळलेलं पाणी, तोंड ओल्या फडक्यानं घट्ट बांधलेलं. हे प्रमाण चाचांना त्यांच्या वडिलांनी दिलं. अकबराच्या आबदारखान्याचं वर्णन करताना अबुल फजलनं 'आइन-इ-अकबरी'त हेच आकडे लिहून ठेवलेत, पाच आणि अडीच आणि एक. मुंबई-कलकत्त्याला अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजातून आला, पुढे बर्फाचे कारखाने निघाले. इथे रूळसुद्धा आलेले नाहीत. इथे गारवा हातानं करायचा.

"हलाते रह. रुकना नक्को."

सुरईची मान धरा आणि सोऱ्याच्या पाण्यात ती गरगर फिरवा. पाव तास. सुरुवातीला गंमत वाटते. मग खांदा भरून येतो, मग दंड, मग बोटं. पण बोटांना दुसरंही काही कळायला लागतं. भांडं गार पडतंय. सोरा विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो, पाण्यातली, सुरईतली, तुमच्या बोटांतलीसुद्धा. ज्या पांढऱ्या खड्यापासून बंदुकीची दारू बनते, त्याच खड्यानं वैशाखात तुमची बोटं बधिर होताहेत. सुरईच्या बाहेरच्या अंगाला दव धरलंय. गाल टेकवा त्याला, चाचा बघत नाहीत. आज दिवसभरात तुमच्या अंगाला लागलेली ही पहिली गार वस्तू.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे. लोक अशा पेल्याबद्दल बोलतात तेव्हा बाटलीबद्दल बोलतात, कुठल्या देशाची, किती जुनी. पण त्या पेल्यात सगळ्यात महाग वस्तू पाणी होती. बाटली पेटीत महिनाभर पडून राहिली तरी चालत होतं. पाणी रोज आणावं लागे, रोज निवळावं लागे, रोज गार करावं लागे आणि त्यासाठी भिस्तीची पाठ, तुमचा खांदा आणि चाचांचं सगळं आयुष्य खर्ची पडत होतं.

दिवेलागण झाली. नदीपलीकडून देवळाची घंटा ऐकू येते, लाइनीतून घोड्यांच्या तोबऱ्यांचा खुळखुळाट. मेसच्या मोठ्या खोलीत छताचा पंखा कुरकुरत मागेपुढे होतोय. त्याची दोरी ओढणारा माणूस बाहेर व्हरांड्यात बसलाय, पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून. आतून हाक येते, "कोई है!" ही हाक नावानं नसते, तरी चाचा उठतात. तुम्ही तबक घेऊन मागे. दाराशी थांबा. इथून सगळं दिसतं.

चाचा पेला उजेडात धरून पाहतात. खडीसाखरेचा पाक दुपारीच करून मलमलीतून गाळलाय, त्याचा छोटा चमचा तळाशी. मग बुटकी बाटली. तिच्याकडे बघा, गंमत आहे. चिठ्ठी बाटलीपेक्षा मोठी आहे, मानेपर्यंत चढलेली, बारीक अक्षरांनी भरलेली. हे अँगोस्टुरा बिटर्स. झीगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं 1824 साली दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलातल्या अँगोस्टुरा गावी हे पहिल्यांदा केलं, ते पोटाचं औषध म्हणून. फौजेत नोकरी करणारा डॉक्टर, उष्ण मुलूख, बिघडलेली पोटं. पुढे त्याच्या मुलांनी कारखाना त्रिनिदाद बेटावर नेला आणि औषधाची बाटली दारूच्या फळीवर येऊन बसली. कृती घरातल्या घरात राखलेली, पण कडूपणाला जेन्शियनचं मूळ आहे एवढं जगाला ठाऊक आहे.

चाचा बाटली उलटी करून झटका देतात. एक थेंब, दुसरा. मग तुमच्याकडे वळून, "हात ला." मनगटाच्या मागच्या बाजूला तिसरा थेंब पडतो. तांबूस, गडद.

चाटा.

आधी दारूचा चटका, मग लवंग-दालचिनीकडे झुकणारा उबदार वास नाकातून वर जातो आणि मग तो येतो, घशाच्या मुळाशी बसणारा. तुम्ही दचकून चाचांकडे पाहता. हा तर आईचा काढा! बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजी, पण जिभेनं ओळखायला चूक केलेली नाही. चिराईत आणि जेन्शियन वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली, एक हिमालयातली, एक युरोपच्या डोंगरांतली. इंग्रज डॉक्टरांनी चिराईत आपल्या औषधांच्या अधिकृत यादीत घेतलं ते जेन्शियनच्याच कामासाठी. चाचा हसतात. त्यांनी हे तुम्हाला सांगितलं नाही, तुम्हाला सापडू दिलं.

आता व्हिस्की. कधी काळी इथे ब्रांडी-पानी चालायचं. मग फ्रान्सच्या द्राक्षवेलींना कीड लागली, ब्रांडी महागली आणि स्कॉटलंडची व्हिस्की मेसमेसमध्ये शिरली. पेटी गवतात बांधून रेल्वेनं बार्शी रोड स्टेशनापर्यंत येते आणि पुढे बैलगाडीनं घाट चढते. वाटेत फुटलेल्या बाटल्यांचा वास गाडीवानाच्या घोंगडीला महिनाभर येतो. चाचा माप भरतात, काठोकाठ, एक थेंब सांडत नाहीत. पाकावर व्हिस्की ओतली की दोन्ही लगेच एक होत नाहीत. खालचा पाक तेलासारखा वळवळतो, तांबूस रेषा वर चढतात. चाचा लांब चमच्यानं ढवळतात, काचेला चमचा न लावता. आणि सगळ्यात शेवटी तुमची सुरई. फडकं सोडताना त्यांची नजर तुमच्यावर आहे. सोऱ्याचा एक थेंब आत गेला असेल तर सगळा पेला खारट. तुमच्या पोटात गोळा. ते स्वच्छ पेल्यात थोडं पाणी घेऊन चाखतात, मान हलवतात. मग धार. काच बघता बघता धुरकट होते.

कागदी लिंबाची साल, पांढरा भाग न घेता कापलेली. ती पेल्यावर धरून पिळतात तेव्हा कंदिलाच्या उजेडात बारीक तुषार उडताना दिसतो आणि वास दारापर्यंत येतो. माळणीच्या टोपलीतलं लिंबू साहेबाच्या पेल्यावर.

तबक आत जातं. पाहुणा एक घोट घेतो, भुवया उचलतो, आणखी एक घेतो. काहीतरी इंग्रजीत म्हणतो, बाकीचे हसतात आणि मग सगळ्यांनाच तेच हवं होतं. म्हणजे पुन्हा सुरई, पुन्हा पाच शेर, पुन्हा तुमचा खांदा. चार वेळा तबक जातं. पाहुण्याला जेवायला बसल्यावर भूक लागते, तो दोनदा वाढून घेतो, आणि खानसामा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याचं श्रेय घेतो. घेऊ द्या. भूक कुणी लावली ते तुम्हाला माहीत आहे.

मेस निजेपर्यंत मध्यरात्र. कामावरून सुटलेली माणसं कलालाच्या दुकानाकडे निघालीत. तिकडून मोहाच्या दारूचा गोडसर घमघमाट वाऱ्यावर येतोय, कुणी डफावर थाप मारतंय. तुम्हाला तिकडे जायचं नाही. घरी गेल्यावर आई अंगावर पाणी घेतल्याशिवाय चुलीजवळ येऊ देणार नाही, आणि भावाचा ताप उतरला का हे बघायचंय. पण त्याआधी एक काम राहिलंय.

सोऱ्याचं पाणी फेकायचं नसतं. सोरा महाग आहे. सगळं पाणी मोठ्या कढईत ओता, खाली शेण्या सारा आणि आटवत बसा. वाफ डोळ्यांत जाते, चुरचुरतं. हळूहळू कडेला पांढरी साय धरते, मग तळाशी खडे दिसायला लागतात, तेच दुपारचे सुईसारखे. कढई उतरवून ठेवा, उद्या दिवसभर ऊन उरलेलं पाणी ओढून घेईल. मग खरवडून, वजन करून, डब्यात.

"तोल के रखना," जाता जाता चाचा सांगतात. "कम भरा तो तेरे पगार में से. और सुबह भिस्ती के साथ बारव पे जा. पाणी नीचे गया बोलता है."